शिवणवर्गातलं दार

मी एक दार बोलतोय. पण आता मी कुठल्या घराला नाही. मला बिजागरी नाही, कडी नाही. मी आडवाच असतो. आडवं दार बोलायला लागलं की माणसं म्हणतात, लाकूड तडकलं. तसं म्हणा. मी सावकाश बोलतो. मला तेवढंच येतं.

मासवणच्या बाजूच्या रानात मी साग होतो. तिथलं फारसं आठवत नाही. पानं गळाली की ऊन थेट अंगावर यायचं, एवढं आठवतं. मग मला तोडलं, गाडीत घातलं आणि तारापूरला महादू सुताराच्या अंगणात वाळत टाकलं. महादू बोलायचा कमी. लाकडावरून हात फिरवायचा आणि हुं म्हणायचा. त्यानं दोन रुंद फळ्या शेजारी शेजारी धरल्या, मागून आडव्या पट्ट्या मारल्या आणि माझं दार केलं.

नवापूरजवळ धर्माजीची वाडी होती. नारळ, केळी, थोडी पानवेल. त्या घराला मला लावलं. घरात धर्माजी, त्याची बायको रखमा आणि मुलगा प्रताप.

दाराला माणूस हातावरून कळतो. धर्माजी मला पायानं लोटायचा, कारण त्याचे दोन्ही हात नेहमी भरलेले. रखमा मला दिवसा कधी पुरतं लावायची नाही. म्हणायची, दार लावलं की घर आजारी असल्यासारखं दिसतं. प्रताप बोईसरकडच्या कामावर जायचा. तो आला की मला टेकून चपलांची माती झटकायचा आणि मग आत जायचा.

मग दमयंती आली, प्रतापची बायको. तिला आई नव्हती. संध्याकाळी काम आटपलं की ती उंबऱ्यात उभी राहून प्रतापची वाट बघायची. डोकं मला टेकलेलं. तिच्या केसांचं खोबरेल रोज लागून लागून माझ्यावर एक काळपट डाग पडला.

रखमा म्हणायची, "अगो, नवं दार खराब केलंस."

"दार नाय हो आई, उशी हाय माझी."

"मंग वाकळ पण आण, आणि निज उभी!"

दोघी हसायच्या. सासूसुनेचं बरं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी वेगळं सांगितलं.

दमयंतीचे दिवस भरले ते ऐन पावसात. सुईण येऊन बसली, थकली. शेवटी म्हणाली, माझ्या हातातलं राहिलं नाही, बोईसरला डॉक्टरकडे न्या. चिखलात गाडी रुतत होती. तेव्हा धर्माजीनं मला बिजागऱ्यांतून उचललं. माझ्यावर वाकळ अंथरली, तिला निजवलं. तिचं डोकं बरोबर त्या डागावर आलं. धर्माजी, प्रताप आणि शेजारचे दोघे असे मला खांद्यावर घेऊन निघाले. रखमा बाजूनं, हातात इरलं.

खाडीशी आलो तर भरती. पाणी उतरेपर्यंत थांबायचं, दुसरं काही करता येत नव्हतं. मला काठावर ठेवलं. पुरुष पाठ करून लांब उभे राहिले. तिथंच, माझ्यावर, दमयंतीला मुलगी झाली.

रखमानं पोर पुसलं आणि तिच्या तोंडाशी नेलं. दमयंतीनं मान वळवली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, नाक तुमचं हाय हिचं." आणि हसली.

रक्त थांबलं नाही. पाणी उतरलं, वाट मोकळी झाली, पण तोवर डॉक्टरकडे जायचं कारण उरलं नव्हतं. मला घेऊन ते परत फिरले.

बाळंतीण गेली की गाव घाबरतं. अशी बाई अळवंत होते, पोरासाठी परत येते, स्वतःचं नाही मिळालं तर दुसऱ्याचं नेते, असं म्हणतात. मसणापासून घरापर्यंत वाटेवर राळे टाकले, म्हणजे ती एक एक दाणा वेचत बसेल आणि घरी पोचणार नाही. आणि मेलेलं माणूस ज्या दारावर निजलं ते पुन्हा घराला लावायचं नाही, ही रीत. भगत आला. ती निजली होती तिथं त्यानं खिळे मारले. डोक्याशी, हातांशी, पायांशी. मला खिळे नवे नव्हते. महादूनंही मारले होते, पण ते जोडण्यासाठी. हे वेगळे होते. मग मला गोठ्यामागं, तोंड भिंतीकडे करून, उभं टेकवून ठेवलं.

आता पुढचं तुम्हाला पटेल न पटेल. दमयंती माझ्यावरून उतरलीच नव्हती. तिला मसणात नेलं ते मी पाहिलं. पण वजन गेलं नाही. ज्याच्यावर कुणी निजलेलं आहे त्याला ते कळतं, त्यात चूक होत नाही. मी उभा होतो, म्हणून ती त्या खिळ्यांवर लटकून होती. सगळा पावसाळा. आतून पोर रडलं की खिळे किंचित ओढल्यासारखे व्हायचे. बस, एवढंच. ती कधी ओरडली नाही, कुणाला भेवडावलं नाही.

पोर जगलं. शेळीच्या दुधावर जगलं. पण त्याच्या अंगावर कापड नव्हतं. इकडची रीत अशी की तान्ह्याला पहिलं झबलं नवं घालत नाहीत. ज्या घरात पोरं धडधाकट आहेत त्या घरचं जुनं, वापरलेलं मागून आणतात. त्याबरोबर त्या घरचं आयुष्य येतं म्हणतात. रखमा घरोघर गेली.

"नाय गो रखमा, सगळं उंदरांनी खाल्लं."

"परवाच बोहारणीला दिलं बघ."

अळवंतीच्या पोराला आपल्या पोराचं झबलं कोण देणार? दिलं आणि ती त्या कपड्याचा वास घेत आपल्या दारी आली तर? रखमाला येताना बघून लोक दारं लावून घ्यायचे. मी गोठ्यामागून ती दारं लागल्याचे आवाज ऐकायचो. माझ्याच जातीचे आवाज. बारसं झालं नाही, कारण पाळण्यात घालायला बायका आल्या नाहीत. पोराला नाव नाही. आजोबांच्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते पोर, आणि सगळे त्याला नुसतं पोर म्हणायचे. प्रताप बोईसरलाच राहू लागला.

त्याच सुमारास पाम गावात सरकारी ग्रामसेविका आली. सोजराबाई तिचं नाव. घाटावरची, उंच, चालताना पायांचा मोठा आवाज करणारी. तिनं बायकांचा वर्ग काढला. अर्धा दिवस रांधणं, अर्धा दिवस शिवणं. एक शिलाई मशीन तिनं आणलं होतं, कात्र्या होत्या, पण कापड पसरून बेतायला टेबल नव्हतं. गाडीवाला नामदेव म्हणाला, नवापूरच्या वाडीत एक दार पडून आहे. तो मागायला आला तेव्हा रखमा घरी नव्हती. धर्माजीनं गोठ्याकडे बघितलं. ते दार कसलं आहे हे त्याच्या तोंडून निघालं नाही. शेवटी म्हणाला, "ने." रखमाला त्यानं सांगितलं, दार जाळलं.

पामला मला चार खुंटांवर आडवं ठेवलं. सोजराबाईनं हात फिरवला आणि म्हणाली, "अगं बया, केवढे हे खिळे! कापड फाटंल की. नामदेव, उपटून टाका बघू सगळे."

नामदेवानं पक्कड घेतली आणि एकेक करून सगळे उपटले.

मी वाट बघितली. दमयंती उठेल, जाईल, असं वाटलं. ती गेली नाही. तिनं फक्त अंग सैल सोडलं. उभं राहून दमलेलं माणूस आडवं झाल्यावर सोडतं, तसं.

मग आम्हा दोघांवर, म्हणजे तिच्यावर आणि माझ्यावर, रोज कापड पसरलं जाऊ लागलं. वर्गाला गावातल्या बायका यायच्या, तशा रानाकडच्या पाड्यांवरूनही यायच्या. ठकी, जिला पुष्कळ पोरं होती आणि सगळी धडधाकट. लाडकी, पहिलटकरीण, पोट पुढं आलेलं. आणि म्हातारी तानी, जी शिवायला नाही, नुसतं बसायला यायची. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण पाड्यावरची सगळी बाळंतपणं तिच्या हातची.

सोजराबाई दुधाची भुकटी पाण्यात कालवायला शिकवायची.

ठकी म्हणायची, "बाई, ह्या दुधाची गाय कुठं बांधलीय?"

"लांब हाय ती. बोटीनं येतं."

"म्हंजे बोटीवर पिळतात?"

सगळ्या हसायच्या. सोजराबाईही. ती शेवग्याचा पाला भाकरीत मळायला सांगायची, तर तानी म्हणायची, "पाला खायाला आमाला शिकवू नको बाय. मोहरी-तेल कुठून आणायचं ते शिकव." सोजराबाई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पिशवीतून तेलाची बाटली काढायची.

मला ते दिवस बरे वाटायचे. कात्रीचा आवाज, खडूची रेघ. फक्त एक व्हायचं. त्या डागावर कापड जास्त वेळ राहिलं की ओलसर व्हायचं. खोबरेलाचा वास यायचा. सोजराबाई म्हणायची, समुद्राची हवा. बायका काही म्हणायच्या नाहीत. पण हळूहळू त्या टोकाला कुणी बसेनाशी झाली.

रखमाच्या कानावर वर्गाचं आलं. कुणी देत नाही तर आपणच शिवावं, असं तिनं ठरवलं असावं. पोर काखेला मारून ती पामला चालत आली. दारातच सोजराबाईनं विचारलं, "काय शिवायचंय आजी?"

"झबलं."

"मग बसा. टेबलापाशी बसा."

रखमा पुढं आली आणि थांबली. तिनं डाग पाहिला. हात लावला. मग तिची बोटं खिळ्यांच्या जागी गेली. नुसती भोकं. एक भोक, दुसरं भोक. मग हात परत डागावर आला. समोर लाडकी आपलं पोट माझ्या कडेला टेकून कापड सरळ करत होती.

रखमानं पोर दुसऱ्या काखेला घेतलं, माझ्यापासून लांबच्या. आणि ती जमिनीवर बसली.

मला तिच्या मनातलं कळत होतं. सांगावं, तर वर्ग मोडेल. बायका पळतील आणि आपल्याला हाकलतील. मग पोर उघडंच राहील. न सांगावं, तर ही पोटुशी पोर रोज अळवंतीच्या अंगावर हात टेकतेय, आणि खिळे निघालेत. काही झालं तर? आणि त्या सगळ्याच्या खाली आणखी एक होतं, जे ती स्वतःलाही सांगत नसावी. तिला त्या डागावरून हात काढावासा वाटला नव्हता.

ती रोज येऊ लागली. कापड जमिनीवरच बेतायची.

गावातल्या दुकानवाल्या पुंजारामची बायको म्हणायची, "रखमाकाकी, टेबल चावतं काय?"

"गुडघे नाय वाकत गो उभं राहून."

"गुडघे बसताना दुखतात काकी, उभ्यानं नाय!"

पुन्हा हसणं. रखमा मान खाली घालून घडी घालायची. चौघडी कापड, गळ्याचा गोल. तिचा गोल काही गोल यायचा नाही. पोर माझ्याखाली रांगत यायचं, वर बघायचं आणि कुणीतरी बोलतंय असं ऐकत राहायचं. रखमा धावत येऊन त्याला ओढून न्यायची.

एके दुपारी लाडकीला घेरी आली. ऊन होतं, चुलीचा धूर होता. ठकी म्हणाली, "पड थोडी. टेबल मोकळं हाय." दोघींनी तिला धरून माझ्यावर निजवलं. तिचं डोकं डागाकडे सरकलं.

"उठ! तिथं निजू नको! उठ, पोरी, उठ!"

रखमा उभी होती. हातातलं कापड खाली पडलेलं. आणि मग तिनं सगळं सांगितलं. पाऊस, खाडी, भरती, रक्त. खिळे. ज्या दाराला तुम्ही टेबल म्हणता ते कसलं दार आहे, ते सांगितलं.

पुंजारामची बायको आपलं कापड, दोरा, मुलाची टोपी, सगळं ओच्यात कोंबून निघून गेली. तिच्यामागं गावातल्या आणखी बायका. वाटेत कुणीतरी थुंकलं. सोजराबाई म्हणाली, "असलं काही नसतं," पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "खिळे मी काढाय लावले."

लाडकी उठून बसली होती. दोन्ही हात पोटावर. ती कुणाकडे बघत नव्हती.

तेव्हा तानी बोलली. "रखमा, पोर कुठं झालं?"

"तिथंच. खाडीवर."

"आगं, कशावर झालं?"

रखमा माझ्याकडे वळली. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्याच्यावर."

"आईनं पोर बघितलं का? का आदीच गेली?"

"बघितलं. खूप बघितलं." रखमाचा आवाज फुटला. "म्हनली, नाक तुमचं हाय. हसली गो ती."

तानीनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मंग खिळे कशाला मारले? पोर बघून, हसून गेलेली बाय. ती दुसरीचं पोर कशाला नेल? तिचं हितं खाली रांगतंय."

"सगळे म्हनले..."

"सगळे म्हनले. तू काय म्हनली?"

रखमा खाली बसली आणि रडली. इतक्या महिन्यांचं रडली. "मी म्हनले, मारा. घाबरले. माझ्या हातानं दिवा धरला मी."

बाहेर बोईसरच्या रस्त्यानं एक ट्रक गेला, त्यावरचे मजूर हिंदीत काही ओरडत होते, तो आवाज लांब जाईपर्यंत सगळ्या ऐकत राहिल्या.

मग ठकी उठली. तिच्या काखेत तिचं शेंडेफळ होतं, मळकं, शेंबडं, गुटगुटीत. तिनं त्याच्या अंगातलं झबलं वर ओढलं. ते ओरडलं. "गप रे, तू काय आता लहान हायस!" तिनं ते झबलं झटकलं आणि रखमाच्या पुढं धरलं. "जुनं हाय. तिघांच्या अंगातलं. गळ्याशी फाटलंय, तू आता शिकलीस, शिव."

रखमानं ते घेतलं नाही. तिला घेता येईना. सोजराबाईनं घेतलं, पोराला उचललं आणि झबलं घालायला त्याला कुठं ठेवायचं म्हणून जागा शोधली. जागा एकच होती. तिनं क्षणभर श्वास धरला आणि पोराला माझ्यावर ठेवलं. हात बाहीत घातले. झबलं मोठं होतं, गुडघ्याखाली आलं. पोर डागाकडे तोंड करून बसलं आणि हसलं, समोर कुणी हसल्यावर हसतात तसं.

लाडकी अजून कडेला बसून होती. तिचा चेहरा पांढराच होता. सगळ्यांना तिच्याकडे बघायचं नव्हतं आणि सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. तिनं पाय वर घेतले.

"माझे पाय दुखत्यात," ती म्हणाली. "मी निजते."

ठकी म्हणाली, "लाडके, खाली निज, मी गोणपाट देते."

"नाय. खाली मुंग्या हायत."

आणि ती हळूहळू, एका कुशीवर, माझ्यावर आडवी झाली. मी ते वजन घेतलं. एक जुनं, एक नवं, आणि नव्याच्या पोटात एक. आणि मला स्पष्ट कळलं, दमयंती थोडी सरकली. तिनं लाडकीला जागा दिली.

लाडकीला मुलगा झाला. पाड्यावर, तानीच्या हातचा. दोघं बरी आहेत. रखमानं गळा शिवला. वाकडाच शिवला. पोराचं बारसं पाड्यावरच्या बायकांनी वर्गातच केलं. नाव मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे. प्रताप आला का, ते मला ठाऊक नाही. गावातल्या बायका मात्र पुन्हा आल्या नाहीत. पुढं सोजराबाईची बदली झाली, मशीन परत गेलं आणि वर्ग संपला.

मला तानी घेऊन गेली. आता मी पाड्यांवर असतो. कुणाचे दिवस भरले की मला मागून नेतात. या झोपडीतून त्या झोपडीत. भुईला ओल असते, मी कोरडा असतो. बायका माझ्यावर ओरडतात, तानीला शिव्या देतात, आईला हाका मारतात. दर वेळी दमयंती सरकते. काही पोरं जगतात, काही नाहीत. नाही जगत तेव्हा ती माझ्यावर फार जड होते.

पावसात नेताना घाई होते, ते मी समजू शकतो. वाट अरुंद असते. तरुण गडी मला उभं करून, एकट्यानं पाठीवर मारायला बघतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बाबांनो, दोघं जण लागा. मला आडवंच न्या. आता खिळे नाहीत. उभं केलं, तर ती पडेल.